माघार, एकांत आणि परतीची वाट



दरवर्षी २९ जानेवारीला, सूर्य मावळतीकडे झुकला की दिल्लीच्या विजय चौकात सैन्यदलांची वाद्यपथके संचलन करीत येतात, धून वाजवतात, ध्वज उतरवला जातो आणि प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याची सांगता होते. या कार्यक्रमाला 'बीटिंग रिट्रीट' म्हणतात. शब्दश: अर्थ लावू गेल्यास 'माघारीचा नगारा'. राष्ट्राच्या अभिमानाचा एवढा मोठा सोहळा माघारीच्या नगाऱ्याने का संपावा, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर जुन्या युद्धरीतीत आहे. पूर्वी सूर्यास्ताला वाद्य वाजले की सैनिक लढणे थांबवीत, शस्त्रे म्यान करीत आणि छावणीत परतत. ती हार नसे. दिवस संपला, आता विसावा, उद्या पुन्हा उभे राहायचे, एवढाच तिचा अर्थ होता.

म्हणजे 'रिट्रीट' या एकाच इंग्रजी शब्दात पराभूत होऊन पळणेही आहे आणि दिवसभराचे काम संपवून घरी परतणेही आहे. हिमनदी वितळून मागे सरकते, तेही रिट्रीट. शिमल्याजवळ मशोब्रा येथे राष्ट्रपतींचे जे निवासस्थान आहे, त्याचेही जुने नाव 'द रिट्रीट'. आणि आपल्या मंडळ्यांत दोनतीन दिवस कामधंदा बाजूला ठेवून प्रार्थना, मनन व मौन यांसाठी आपण एकत्र जमतो, तेव्हा तिला कोणी एकांतवास म्हणतात, कोणी तप:साधना, पण बहुतेकांच्या तोंडी शब्द असतो तो 'रिट्रीट'च.

त्याचा जोडीदार 'विथड्रॉवल' हा शब्दही तसाच बहुरूपी आहे. बँकेतून पैसे काढणे, सीमेवरून सैन्य काढून घेणे, निवडणुकीतला उमेदवारी अर्ज मागे घेणे, बोललेला शब्द मागे घेणे, या साऱ्यांना तो चालतो. सप्टेंबरच्या अखेरीस दिल्लीवरून मान्सून निघून जातो, तेही विथड्रॉवल. दारू सोडताना माणसाचे हात थरथरतात, झोप उडते, जीव कासावीस होतो, त्या यातनांनाही तेच नाव. आणि एखादे मूल कोणाशी बोलेनासे होते, आतल्या आत मिटते, तेव्हा त्याच्याविषयीही इंग्रजीत हाच शब्द वापरतात. एवढेच काय, आपण घरातल्या बैठकीच्या खोलीला सर्रास 'ड्रॉइंगरूम' म्हणतो, तो मुळात 'विथड्रॉइंगरूम' असा शब्द आहे: जेवणघरातून उठून जिथे निवांत बसायचे ती खोली. काळाच्या ओघात त्याचा पहिला भाग गळून पडला, आणि जी एकांताची जागा होती, तीच पाहुण्यांचे स्वागत करण्याची जागा झाली!

मराठीने मात्र या साऱ्यांसाठी वेगवेगळे शब्द जपले आहेत. सैन्य हटले तर पीछेहाट, भिऊन गेले तर पळ, सामोपचाराने मागे आले तर माघार. नोकरीतून निवृत्ती, संसारातून वैराग्य, अडचणीच्या जागेवरून काढता पाय, जबाबदारीतून अंग काढून घेणे. पाऊससुद्धा आपल्याकडे पळत नाही, 'परतीचा' होतो. आणि या सर्वांहून गोड शब्द म्हणजे माहेर. सासरी राबणारी लेक चार दिवस माहेरी जाते. ती सासर सोडून गेली, असे कोणी म्हणत नाही. तिला तिथे कोणी काही सिद्ध करायला सांगत नाही, ती पोटभर झोपते, आईजवळ मन मोकळे करते आणि परत जाते. एकांतवासाचे इतके नेमके चित्र दुसऱ्या कुठल्या शब्दात क्वचितच सापडेल.

शब्द वेगळे असले म्हणजे माणूस चुकत नाही, असे मात्र नाही. उलट इतके शब्द हाताशी असल्यामुळे आपल्याला एक सोय झाली आहे. दुसरा मागे हटला की त्याला आपण 'पळ' म्हणतो, आपण हटलो की 'निवृत्ती'. तेव्हा, प्रिय वाचका, आज आपण एका प्रश्नाचा शांतपणे विचार करू या. मागे हटणे केव्हा निष्ठा असते आणि केव्हा विश्वासघात?

आम्हां मराठी माणसांना माघारीचे वावडे आहे, आणि त्याची मुळे दिल्लीच्या परिसरातच सापडतात. दिल्लीच्या उत्तरेस यमुनाकाठी बुराडी आहे. आज तिथे दाट वस्ती आहे. तिथल्या घाटावर १० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी शिंदे पडले. जखमी अवस्थेतही, जगलो वाचलो तर आणखी लढू, असा अर्थाचा जबाब त्यांनी शत्रूला दिला, ही कथा आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्यानंतर वर्षभराने, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपत झाले. विश्वासराव गोळी लागून पडले, भाऊसाहेब घोड्यावर स्वार होऊन गर्दीत शिरले, आणि मल्हारराव होळकर आपल्या पथकासह रणांगणातून निघून गेले. त्यांनी दगा दिला की हरलेल्या लढाईतून शक्य तितके वाचवले, हा वाद अडीचशे वर्षांनंतरही मिटलेला नाही.

त्या वादाचा निकाल लावणे हे या लेखाचे काम नाही. पण त्याच रणांगणातून आणखी एक तरुण पायाला जबर जखम घेऊन निसटला, त्याच्याकडे पाहू या. तो जन्मभर लंगडत चालला. त्याचे नाव महादजी शिंदे. पानिपतानंतर दहा वर्षांनी, १७७१ साली, मराठी फौजा पुन्हा दिल्लीत आल्या आणि पुढच्या वर्षाच्या आरंभी बादशहा शाह आलम त्यांच्या आधाराने आपल्या राजधानीत परतला. या साऱ्यात महादजींचा वाटा मोठा होता. दत्ताजींनी जे बोलून दाखवले, ते महादजींनी वाचून करून दाखवले. दोघांपैकी एकाला शूर आणि दुसऱ्याला भ्याड ठरवणारा न्याय फार उथळ म्हणावा लागेल.

रणांगणावरची माघार डोळ्यांना दिसते. कचेरीतली आणि सभागृहातली माघार कागदावर असते. तिची पारख अधिक कठीण. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर १९५१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिल रखडले, हे त्याचे एक मोठे कारण होते. त्यानंतर ते दिल्लीतच २६, अलीपूर रोड या घरी राहिले आणि प्रकृती साथ देत नसतानाही 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ त्यांनी सिद्ध केला. पाच वर्षांनी, १९५६ साली, चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडले. पण दिल्ली सोडली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद आणि पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळून त्यांनी शिक्षणाची सेवा केली. या दोघांच्या माघारीत एक गोष्ट समान आहे. पद सोडताना त्यांनी कारण उघडपणे सांगितले, त्याची किंमत स्वत: मोजली आणि ज्या कामासाठी पद घेतले होते, ते काम दुसऱ्या वाटेने चालू ठेवले.

आपल्या ख्रिस्ती परंपरेतही अशी उदाहरणे आहेत. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात सी. एफ. अँड्र्यूज १९०४ साली आले. प्राचार्यपद रिकामे झाले, तेव्हा परदेशी मिशनरी म्हणून ते त्यांच्याकडे सहज आले असते. त्यांनी स्वत: बाजूला होऊन आपले भारतीय सहकारी सुशीलकुमार रुद्र यांच्या नावाचा आग्रह धरला, आणि १९०६ साली रुद्र त्या कॉलेजचे पहिले भारतीय प्राचार्य झाले. इकडे महाराष्ट्रात रेव्ह. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची पगारी सेवा सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला. मिशनमधून ते बाहेर पडले ते प्रभूपासून दूर जाण्यासाठी नव्हे, आपल्या लोकांच्या अधिक जवळ जाण्यासाठी. एकाने दुसऱ्यासाठी जागा मोकळी केली, दुसऱ्याने स्वत:साठी मोकळी जागा शोधली. दोन्ही माघारीच, पण त्यांतून कोणाचे तरी बळ वाढले.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. मत्तयकृत शुभवर्तमानात एक ग्रीक क्रियापद वारंवार येते, 'अनाखोरेओ', म्हणजे निघून जाणे, मागे सरणे. हेरोद बाळाच्या जिवावर उठला, तेव्हा योसेफ बालकाला आणि मातेला घेऊन रातोरात मिसर देशात गेला, तिथे हे क्रियापद आहे. योहानाला अटक झाल्याचे ऐकून येशू गालीलास गेला, तिथेही आहे. योहानाचा वध झाल्याचे कळल्यावर तो तारवात बसून एकांतस्थळी गेला, तिथेही तेच. पुढे याच शब्दावरून अरण्यात राहणाऱ्या एकांतवासी साधकांना नाव मिळाले. पण त्याच काळी मिसर देशात या शब्दाला आणखी एक कडवट अर्थ होता. रोमी कराचा बोजा असह्य झाला की शेतकरी घरदार टाकून गाव सोडून जात, त्या परागंदा होण्यालाही हाच शब्द होता. साधकाचा एकांत आणि नाडलेल्या कुळाचे पलायन यांचे नाव एकच!

हे नीट लक्षात ठेवले पाहिजे. कारण माघारीची कसोटी लावताना आपण बहुधा दुबळ्यांनाच आधी तराजूत घालतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाल्यावर दिल्लीतून हजारो मजूर बायकामुलांसह, डोक्यावर बोचकी घेऊन पायी निघाले. आनंद विहारच्या बस स्थानकावर लोटलेली ती गर्दी आपण सर्वांनी चित्रांत पाहिली. तेव्हा काही सुखवस्तू घरांतून प्रश्न आला, 'यांना आहे तिथे थांबायला काय झाले?' ज्याच्या ड्रॉइंगरूममध्ये निवांतपणा आणि स्वयंपाकघरात धान्य होते, त्याचा तो प्रश्न होता. मारहाण करणाऱ्या नवऱ्याचे घर सोडणाऱ्या भगिनीलाही आपल्या मंडळीत असाच प्रश्न विचारला जातो, आणि कधीकधी तो शास्त्रवचनांच्या वेष्टनात दिला जातो. त्या वेळी आपण योसेफाची ती रात्र आठवावी. मूल वाचवण्यासाठी उचललेले पाऊल हे अविश्वासाचे पाऊल नव्हते. स्वप्नात मिळालेल्या देवाच्या आज्ञेनेच ते उचलले गेले.

तेव्हा पुढील कसोट्या ज्याच्यापाशी थांबण्याचेही बळ आहे आणि जाण्याचीही मोकळीक आहे, त्याने फक्त स्वत:ला लावाव्यात.

पहिली कसोटी अशी: मी कशापासून दूर जात आहे? पाच हजारांना भाकर मिळाल्यावर लोक येशूला बळेच राजा करू पाहत होते, तेव्हा तो एकटाच डोंगरावर निघून गेला. तो मानापासून दूर झाला. आपण बहुधा मान मिळेपर्यंत थांबतो आणि काम पुढे आले की डोंगर शोधतो.

दुसरी कसोटी: माझ्या जाण्याची किंमत कोण मोजतो? अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर एका पंक्तीला जेवत असे. यरुशलेमेहून काही माणसे आली, आणि तो हळूच त्या पंक्तीतून मागे सरला. पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात हा प्रसंग परखडपणे नोंदवला आहे. पेत्राने कोणाला शिवी दिली नाही, कोणाला हाकलले नाही. तो फक्त उठला आणि दुसरीकडे बसला. पण ज्यांना तो सोडून उठला, त्यांच्या घशाखाली तो घास कसा उतरला असेल? ज्या देशात पंक्तिभेदाने पिढ्यान्‌पिढ्या माणसांची मने जाळली, त्या देशातल्या ख्रिस्ती माणसाला हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज नाही. आंबेडकरांच्या माघारीची किंमत आंबेडकरांनी मोजली. पेत्राच्या माघारीची किंमत त्याच्या ताटाशेजारी बसलेल्यांनी मोजली.

तिसरी कसोटी: माझ्या मागे परतीची वाट उघडी आहे का? एलीया ईजबेलीच्या भयाने रानात पळाला, झुडपाखाली पडून मरण मागू लागला. देवाने त्याला रागे भरले नाही. आधी झोपू दिले, भाकर दिली, पाणी दिले आणि पुन्हा झोपू दिले. दमलेल्या सेवकांशी कसे वागावे याचा हा धडा आपल्या मंडळ्यांच्या कारभाऱ्यांनी अवश्य वाचावा. पण होरेबच्या गुहेत पोहोचल्यावर देवाने त्याला विचारले की तू इथे काय करतोस, आणि मग कामे सोपवून आल्या वाटेनेच परत पाठवले. गुहा विसाव्यासाठी होती, वस्तीसाठी नव्हती.

आणि या तिन्ही कसोट्यांचा उलगडा एकाच रात्री, एकाच बागेत होतो. गेथशेमाने बागेत येशू शिष्यांपासून धोंड्याच्या टप्प्याइतका दूर गेला आणि गुडघे टेकून प्रार्थना करू लागला. ही झाली एक माघार, फार तर तीस-चाळीस पावलांची. शिष्य जागचे हलले नाहीत, तिथेच झोपी गेले. काही वेळाने मशाली आणि सोटे घेऊन लोक आले. तेव्हा जो प्रार्थनेसाठी मागे गेला होता, तो पुढे आला, आणि जे मागे गेलेच नव्हते, ते सर्व पळाले. वाचकहो, मला वाटते, दोन माघारींतला संबंध यापेक्षा स्पष्ट सांगता येणार नाही. जो योग्य वेळी एकांतात जात नाही, त्याच्यावर अयोग्य वेळी पळण्याची पाळी येते. एकांत हे पलायनाचे धाकटे भावंड नव्हे, तो त्यावरचा उतारा आहे.

आपल्या रोजच्या जीवनाला हे कसे लागू पडते ते पाहा. मंडळीच्या पंचांत मतभेद झाले की एखादा भला माणूस म्हणतो, 'मला नको ती कटकट, मी आपला रविवारी येऊन शेवटच्या बाकावर बसेन.' काही महिन्यांनी तो बाकही रिकामा दिसतो. भावाभावांत जमिनीवरून वाकडे आले की येणेजाणे बंद होते. कोणी भांडत नाही, फक्त अंग काढून घेतो. म्हाताऱ्या वडिलांच्या खोलीकडे पावले वळेनाशी होतात, कारण तिथे गेले की तेच तेच ऐकावे लागते. गाझियाबाद, नोएडा, गुरुग्राम, फरिदाबाद अशा दूरदूरच्या वसाहतींत विखुरलेल्या आपल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांना तर मिटून राहणे फार सोपे आहे. अंतर लांब, रहदारी भयंकर, कारण नेहमी हाताशी असते. यांतल्या कशालाही आपण 'पळ' म्हणत नाही. पण कसोटी लावून पाहावी. कारण उघडपणे सांगितले का? किंमत कोण मोजत आहे? परतायची तारीख ठरली आहे का?

आणि जो समाज म्हणून आपल्याला मोह होतो, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. विजय चौकातल्या त्या सोहळ्यात अनेक वर्षे 'अबाइड विथ मी' या ख्रिस्ती गीताची धून वाजत असे. महात्मा गांधींना ते गीत प्रिय होते. २०२२ सालापासून ती धून कार्यक्रमातून वगळण्यात आली आणि तिच्या जागी 'ऐ मेरे वतन के लोगो' ही धून वाजू लागली. अनेक ख्रिस्ती मने त्याने दुखावली, आणि ते दु:ख खोटे नव्हते. जी गोष्ट आपल्याला या राष्ट्राच्या अंगणात सामावून घेत आहे असे वाटत होते, ती काढून घेतली गेली. अशा वेळी मनात सहज येते, 'ठीक आहे, आपण आपल्या चर्चच्या भिंतींच्या आत बरे.' हीच ती माघार, जिच्यापासून सावध राहायला हवे. कोणी आपल्यासाठी जागा कमी केली म्हणून आपण दुसऱ्यांसाठीची आपली जागा कमी करणे योग्य नाही. आपली शाळा, आपला दवाखाना, आपला शेजार यांची दारे धून वाजण्यावर कधीच अवलंबून नव्हती. आणि नवी धून तरी परकी कुठे आहे? देशासाठी प्राण देणाऱ्यांसाठी डोळे ओले करणारे ते गीत आपलेही आहे.

शिवाय त्या जुन्या गीताचा उगम कुठे आहे, हे आठवावे. हेन्री फ्रान्सिस लाइट या पाळकाने १८४७ साली, क्षयाने खंगलेल्या अवस्थेत, मृत्यू जवळ आला असताना ते लिहिले. त्याचा आधार आहे लूककृत शुभवर्तमानातील अम्माऊसची कथा, आणि ती कथाच मुळी एका माघारीची आहे. प्रभूला वधस्तंभावर मारल्यानंतर दोन शिष्य यरुशलेम सोडून सुमारे अकरा किलोमीटरवरच्या एका गावाकडे निघाले होते. आशा संपली होती. वाटेत एक अनोळखी वाटसरू त्यांना येऊन मिळाला. त्याने त्यांना आधी थांबवले नाही, की परत फिरा असेही म्हटले नाही. तो त्यांच्या माघारीच्या वाटेवर त्यांच्याबरोबर चालला, त्यांचे ऐकून घेतले, त्यांच्याशी बोलला. दिवस कलला तेव्हा त्यांनी त्याला आग्रहाने थांबवून घेतले. भाकर मोडताना त्यांना त्याची ओळख पटली.

पुढे काय झाले? रात्र झाली होती, वाट लांबची होती, पाय दमले होते. तरी ते त्याच घटकेस उठले आणि यरुशलेमेस परतले. ज्या वाटेने ते हरून आले होते, तीच वाट आता परतीची झाली. वाट तीच, अंतर तेच, पावले तीच. फक्त तोंड फिरले.

प्रिय वाचका, तू आज कशापासून तरी मागे सरला असशील, किंवा सरण्याच्या बेतात असशील. लाजू नकोस. दमला असशील तर झोप, भाकर खा, थोडे दिवस माहेरी जा. पण त्या वाटेवर कोणी बरोबर चालू लागला, तर त्याच्याशी बोल. आणि तुझे रिकामे आसन जिथे कोणी अजून मोकळे ठेवले आहे, ती जागा विसरू नकोस. प्रभू आपणां सर्वांना मागे जाण्याची नम्रता आणि परत येण्याचे धैर्य देवो.